बापूंच्या बंदुकीचा वारस

या, असे पुढं सरका. खांबाला टेकून पेंगणाऱ्या मंडळींनी तर सगळ्यांच्या आधी पुढं या. नारखेड्यांच्या घरातली, बापू इंद्रभान गेल्यानंतरची पहिली विजयादशमी सांगतो. तीत एक बंदूक आहे, तिच्यापायी भांडणारी शहाणी माणसं आहेत, आणि आईनं हाक मारली तरी न उघडणारं एक दार आहे. हसू येईल तिथं मोकळेपणानं हसा. देवाला हसणाऱ्या माणसांचं वावडं नाही.

वासंतीबाई सकाळपासून देवघराकडे पाठ करून बसल्या होत्या. सप्ताहातलं एकही कीर्तन न चुकवणारी, कपाळाला बुक्का लागल्याशिवाय चहाला न शिवणारी बाई. पण आज विठ्ठलाच्या पुढ्यात, पाटावरच्या लाल कापडावर, झेंडूचा हार घालून बापूंची बारा बोअरची एकनळी निजली होती, आणि तिला हळदकुंकवाचं बोट लावायचं वासंतीबाईंच्या जिवावर आलं होतं.

बापू, म्हणजे वासंतीबाईंचे सासरे, उन्हाळ्यात गेले. परवाना त्यांच्या नावचा, पीक संरक्षणाचा. परवानेवाला गेला की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि मग वारसानं अर्ज करायचा, अशी रीत. गावच्या पोलीस पाटील सोजराबाई येता-जाता आठवण द्यायच्या. वासंतीबाईंचे यजमान उद्धवराव निवृत्त मुख्याध्यापक; ते दर वेळी म्हणायचे, "दसऱ्याची पूजा होऊ द्या, मग मी जातीनं आणून देतो." आता दसरा उजाडला होता आणि नवा वारसही ठरला होता: देवेश, त्यांचा एकुलता एक मुलगा. बाकीच्या वारसांची हरकत नाही, एवढ्या सह्या तेवढ्या हव्या होत्या. त्यासाठीच उद्धवरावांचा धाकटा भाऊ आल्हाद ह्यूस्टनहून लेकीला घेऊन आला होता, आणि मधली बहीण गार्गी अकोल्याहून.

देवेशला बंदूक कशाला हवी, हे घरात फक्त वासंतीबाईंना ठाऊक होतं. पोळ्यानंतर तुरीत नासधूस झाली. बांधाशेजारच्या जब्बारभाईंच्या जावेदनं म्हशी सोडल्या, असा देवेशनं आळ घेतला. खुरांचे ठसे निघाले रानातल्या रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, पण तोवर दोघांच्याही हातात काठ्या येऊन गेल्या होत्या. त्या संध्याकाळी देवेश गोठ्यात फोनवर कोणाला तरी सांगत होता, "परवाना नावावर येऊ दे बे, मंग बांधावर कोन उभा राह्यते थे पाह्यतो." वासंतीबाई शेणाची पाटी घेऊन भिंतीआड उभ्या होत्या. तेव्हापासून भजनात टाळ जोरात वाजला तरी त्या दचकून मागं बघायच्या.

"वहिनी, तुम्ही उगाच घाबरता," आल्हाद सोफ्यावर पाय पसरून म्हणाला. "आमच्याकडे घराघरात आहे. माझ्याकडेच दोन आहेत. एक बेडरूममध्ये, एक गाडीत. चोराची हिंमत होत नाही यायची."

"चोर अठीबी येत नाही, भाऊजी," वासंतीबाई म्हणाल्या. "न्यायले काही भेटलं पाह्यजे ना त्याले."

गार्गी फिसकन हसली. "आल्हाद, बेडरूममधल्या बंदुकीची भीती वाटते म्हणून गाडीतली ठेवली का रे?"

"चेष्टा करू नकोस ताई. ज्या समाजाकडे शस्त्र असतं तो समाज सभ्य असतो. प्रत्येक जण दुसऱ्याला मान देतो."

"मंग तुमच्या त्या सभ्य लोकांच्या बातम्या टीव्हीवर काऊन येऊन राह्यल्या रोज? मान देताना गोळी सुटते का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"थांबा, थांबा." उद्धवरावांनी वर्गात उचलायचे तसा हात उचलला. "हा विषय भावनेचा नाही, अभ्यासाचा आहे. मी वाचलंय. जगात असा एक देश आहे, जिथं घरोघरी बंदुका आहेत आणि शांतता आहे. असाही एक देश आहे, जिथं बंदूक बघायला मिळत नाही आणि तिथंही शांतता आहे. आता यावरून काय सिद्ध होतं?"

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"विषय गहन आहे, हे सिद्ध होतं," उद्धवराव म्हणाले, आणि समाधानानं सुपारी तोंडात टाकली.

"जगाचं राहू द्या," वासंतीबाई म्हणाल्या. "आपल्या घरातल्या बंदुकीनं इतक्या वर्षांत मारलं काय, थे सांगा."

"बापूंच्या पायाचा अंगठा," गार्गी म्हणाली.

"तो स्वसंरक्षणात गेला," उद्धवराव म्हणाले.

"जब्बारभाईंची पाण्याची टाकी."

"नेम रानडुकरावर होता. टाकी मध्ये आली."

"अन् तुमच्या लग्नात मांडवावरचा कर्णा?"

"ते आनंदाच्या भरात झालं," उद्धवरावांनी खुलासा केला.

"अन् डुक्कर किती मारले?" वासंतीबाईंनी विचारलं.

देवेश इतका वेळ दारात उभा राहून चिंधीनं काडतुसं पुसत होता. तो म्हणाला, "डुकराले धाक असते माय. धाक हाय म्हनून तर थे रात्रीच येते."

यावर पुरुषांनी माना डोलावल्या. रात्रीच येणारा शत्रू दिवसा भ्यालेला असतो, हे त्यांना पटलं. वासंतीबाई उठून पुरणाकडे गेल्या. त्यांना कळलं होतं की घरात सगळ्यांचं बंदुकीवर मत आहे आणि देवेशच्या रागावर कोणाचंच नाही. गार्गी मागोमाग आली.

"वहिनी, तुम्ही म्हनाल तर मी सही नाही करत. पन एकटी अडून बसली तर दादा म्हनन, लग्न होऊन गेलेली पोरगी माहेरच्या कारभारात तंगडं घालते. आल्हादले फोडा. त्यानं नाही म्हटलं तर जमते."

"थो काय फुटते? त्याले तर पोराच्या हातात बंदूक पाहून भरतं येऊन राह्यलं."

तेवढ्यात अंगणातून हाक आली, "उद्धव गुरुजी! भाभी! सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!" जब्बारभाई दर दसऱ्याला यायचे तसे आपट्याची पानं घेऊन आले होते. त्यांच्या बोटाला धरून जावेदची पाच वर्षांची हीना, झगमग फ्रॉकमध्ये.

"जावेद नाही आला?" वासंतीबाईंनी विचारलं.

"कामात हाय," जब्बारभाई म्हणाले आणि पायातल्या चपलेकडे बघू लागले. देवेश छताकडे बघू लागला. दरवर्षी सगळ्यांत आधी जावेद यायचा आणि दुपारी पुरणपोळीच्या पंगतीत देवेशशी पैज लावून जेवायचा.

हीना मात्र थेट पोरांत घुसली. आल्हादची दहा वर्षांची आरोही तिथं गार्गीच्या प्रेमला सापशिडी शिकवत होती. व्हिडिओ कॉलवर बापूंकडून शिकलेलं तिचं मराठी इतकं स्वच्छ होतं की गावातल्या बाया तिच्याशी बोलताना पदर सावरायच्या.

पूजा झाली. नारळ फुटला. बापूंची रीत होती: पूजेनंतर अंगणात येऊन आभाळाकडे एक बार काढायचा. पण बापू आधी तिन्ही दिशांना ओरडायचे, "कान झाका रे!" आणि गाय लांब बांधायला लावायचे. देवेशला ते सुचलं नाही, कारण आल्हादकाकाचा मोबाइल सुरू झाला होता. हार तसाच ठेवून त्यानं बंदूक उचलली, एक हात कमरेवर ठेवला.

"अरे, लेकरं कुठं हायेत पाह्य—" वासंतीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

धाडकन बार निघाला. पिंपळावरची वटवाघळं उडाली, गाय खुंटा उपसून गल्लीत पळाली, आणि वर गेलेले छर्रे थोड्या वेळानं शेजारच्या पत्र्यावर तडतडत उतरले. उद्धवरावांनी टाळ्या वाजवल्या. आल्हाद म्हणाला, "परत एकदा कर, माझा अँगल चुकला."

वासंतीबाई धावत अंगणात आल्या. सापशिडी पालथी पडली होती. आरोही नव्हती. प्रेम नव्हता. हीनाही नव्हती. तिची एक चप्पल तेवढी उंबऱ्यात होती.

"पोट्टे कुठं गेले?"

आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग हाका सुरू झाल्या. गच्चीवर नाहीत, गोठ्यात नाहीत. उद्धवराव विहिरीकडे धावले. धावताना त्यांचं धोतर सुटलं ते त्यांनी तसंच एका हातात धरलं. जब्बारभाई गल्लीत "हीना! हीना!" करत एकटेच फिरून आले. वासंतीबाईंच्या लक्षात आलं, धान्याच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत उजेड नाही, आतला दिवा विझलेला आहे. सणाचा म्हणून त्यांनीच तो सकाळी लावून ठेवला होता.

ही खोली बापूंनी चोरांसाठी बांधली होती. म्हणजे चोरांपासून. जाड सागवानी दार, आतून लोखंडी अडसर, गल्लीकडे वीतभर जाळीची खिडकी. दार आतून बंद होतं.

"आरोही! प्रेम्या! उघडा!" गार्गीनं दार बडवलं. आत काही हललं नाही. वासंतीबाईंनी दाराला कान लावला. खूप वेळानं त्यांना एक उचकी ऐकू आली. अर्धीच. बाकीची कोणीतरी हातानं दाबली होती.

"आतच हायेत! बोलून काऊन नाही राह्यले? आरोही, बाई, मी हावो, मोठी आई. उघड."

काही नाही.

आल्हाद आला. त्यानं बंद दार पाहिलं, दाराखालची अंधारी फट पाहिली, आणि त्याच्या हातातला मोबाइल खाली आला. "वहिनी," तो म्हणाला, "ती उघडणार नाही."

"काऊन?"

"त्यांना शाळेत शिकवतात. शाळेत गोळीचा आवाज झाला की दिवा घालवायचा, दार लावायचं, दारापासून लांब, भिंतीला टेकून बसायचं. लहान मुलं रडली तर मोठ्यांनी त्यांना गप्प ठेवायचं. बाहेरून कोणी नाव घेऊन बोलावलं तरी उघडायचं नाही."

"पन घरच्यांनी बोलावलं तर?"

"तरीही नाही. आईचा आवाज आला तरी नाही." त्याचा स्वर खाली गेला. "आईच्या मागं कोणी उभं असेल, असं सांगतात."

वासंतीबाईंनी आजवर कितीतरी कीर्तनांत आईच्या हाकेचं माहात्म्य ऐकलं होतं. ही हाक ऐकून पाषाणाला पाझर फुटतो, असं बुवा डोळे मिटून सांगायचे. आईच्या हाकेला न फसण्याचं शिक्षणही असतं, हे त्यांना कोणत्याच बुवांनी सांगितलं नव्हतं.

"हे कधीपासून शिकवतात पोरीले?"

"बालवाडीपासून."

"अन् तुम्ही म्हनता तिकडं चोर येत नाही."

आल्हादनं मोबाइल खिशात टाकला. पण घरातले पुरुष फार वेळ गप्प राहू शकत नाहीत. उद्धवरावांनी परिस्थितीचा आढावा घेतला. सुताराला बोलवावं तर तो सासुरवाडीला. जाळी कापावी तर तिच्यातून मांजरही जाणार नाही. तेव्हा देवेश पुढं झाला आणि खिशातून दुसरं काडतूस काढत म्हणाला, "सरका सगळे. अडसराच्या जागी एक बार टाकतो, तुटते लगेच."

आणि मंडळी, खोटं कशाला सांगू, तिथल्या दोन शिकलेल्या माणसांनी यावर विचार केला! उद्धवराव म्हणाले, "तिरपा कोन धरला तर छर्रे खालच्या बाजूला जातील." आल्हाद म्हणाला, "छर्रे नाही चालणार दादा, त्याला एकसंध गोळी लागते." मुलांना बंदुकीच्या भीतीतून सोडवायला कोणत्या जातीची गोळी बरी, यावर सणाच्या दिवशी, धान्याच्या खोलीच्या दारात, चांगली साधकबाधक चर्चा झाली.

वासंतीबाई वळल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"माय, सरक."

"नाही सरकत."

"अवं, वरच्या बाजूले मारतो ना मी! पोट्टे खाली बसले हायेत."

"कोन सांगतलं तुले? तुले दिसून राह्यलं का? टाकीबी मधातच आली होती ना?" त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. "तुले काही करायचं असन तर माह्यापासून सुरू कर. गोठ्यात फोनवर बोलत होता थे मी ऐकलं देवेश. बांधावर कोन उभा राह्यते थे पाह्यतो म्हने. पाह्य. मी उभी हावो."

देवेशनं नकळत जब्बारभाईंकडे पाहिलं. म्हाताऱ्याला सगळं समजलं होतं, पण त्यानं बांधाचं नाव काढलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बेटा, अंदर माही हीना हाय. दारालेच टेकून बसली असन तर?"

देवेशच्या बंदुकीची नळी हळूहळू खाली आली.

"भाऊजी," वासंतीबाईंनी विचारलं, "मंग शाळेत थे दार उघडते तरी कोन?"

"पोलीस."

गार्गी पळत गेली आणि सोजराबाईंना घेऊन आली. पोलीस पाटीलबाई पोळ्या लाटता लाटता उठल्या होत्या. कोपरापर्यंत कणीक, अंगावर सणाचं हिरवं लुगडं. त्यांनी कमरेवर हात ठेवून बंदुकीकडे एक नजर टाकली, उद्धवरावांकडे दुसरी, आणि दारासमोर बसकण मारली.

"पोरी, मी पोलीस पाटील हावो. सोजराबाई माहं नाव. उघड बाई."

बऱ्याच वेळानं आतून स्वच्छ मराठीत प्रश्न आला, "तुमच्याकडे ओळखपत्र आहे का?"

"अगं बया!" सोजराबाईंनी कमरेची पिशवी उलटीपालटी केली, कार्ड काढलं, लुगड्याला पुसलं आणि दाराखालून आत सरकवलं. आत कुजबुज झाली. मग प्रेमचा आवाज, अक्षर लावत, "पो... ली... स... पा... टी... ल. हाव दीदी, खरी हाय."

"धन्यवाद," आरोही म्हणाली. "बंदूक आता कोणाच्या हातात आहे?"

सगळ्यांच्या माना देवेशकडे वळल्या. शेवटी सोजराबाई म्हणाल्या, "तुह्या देवेशदादाच्या."

"मग नाही उघडता येणार. सॉरी."

"अगं, दादा घरचाच हाय!" उद्धवराव कळवळून म्हणाले.

आत विचार झाला असावा. मग पोरगी अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "मोठे बाबा, गोळ्या झाडणारे घरचेच असतात."

 

सोजराबाई उठल्या आणि देवेशपुढं कणकेचे हात पसरले. "दे."

देवेशनं आईकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. काका दुसरीकडे बघत होता. देवेशनं बंदुकीची नळी सांध्यातून उघडून काडतूस काढलं आणि दोन्ही वस्तू त्या हातांवर ठेवल्या. सोजराबाईंनी बंदूक सरपणाच्या मोळीसारखी खांद्यावर टाकली. झेंडूचा हार तिला तसाच होता. गल्लीच्या खिडकीखाली उभं राहून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पाह्य बाई, मी चालली घेऊन. आता हे ठाण्यात जाते," आणि चालू लागल्या.

खिडकीच्या जाळीला दोन बोटं चिकटली. घरातले सगळे अंगणात उभे राहून हिरव्या लुगड्याकडे बघत होते. हार घातलेली बंदूक मारुतीच्या पारावरून वळली आणि दिसेनाशी झाली. मग आत लोखंड सरकलं.

दार उघडलं. आधी प्रेम बाहेर आला. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते, बोटं पसरलेली. उद्धवरावांना वाटलं पोरगा खेळतोय. मग आरोही आली, तशीच, शाळेत शिकवल्याप्रमाणे, नजर समोर, कोपरं ताठ. आणि तिच्या मागं हीना. तिचे हात पुरते वर पोचत नव्हते, एका मुठीत आपट्याची चुरगळलेली पानं होती, गालांवर आरोहीच्या बोटांचे वळ उमटले होते.

"बेटा!" जब्बारभाई पुढं झाले. पण हीनाच्या वाटेत देवेश उभा होता. तो खाली बसला. जावेदचे डोळे होते पोरीला.

"हात खाली कर गं," तो म्हणाला.

हीनानं मान हलवली. "आरोहीदीदी म्हनन तवा."

देवेश तसाच बसून राहिला. आरोहीनं अंगण नजरेनं तपासलं. ओसरी, गोठा, प्रत्येकाचे हात. सगळे रिकामे आहेत अशी खात्री झाल्यावर ती म्हणाली, "ऑल क्लिअर," आणि तिघांचे हात खाली आले.

"पाहा!" उद्धवराव डोळे पुसत म्हणाले. सवय जात नाही माणसाची. "याला म्हणतात शिस्त. बंदुका असलेल्या देशात मुलं किती तयार होतात!"

"दादा," आल्हाद म्हणाला, "एक दिवस गप्प बस." त्यानं टेबलावरचा सहीचा कागद उचलून घडी केली आणि ती गार्गीच्या हातात दिली. गार्गी ती घडी घेऊन चुलीकडे गेली. कोणी अडवलं नाही.

देवेशनं मोटारसायकलची किल्ली घेतली. वासंतीबाई त्याच्या मागं दारापर्यंत गेल्या.

"कुठं चालला?"

"मावशी पायी चालल्या हायेत. ठान्यापर्यंत सोडून देतो." मग थोडं थांबून, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "येताना जावेदकडून येतो. पोळ्या झाकून ठेवजो."

वासंतीबाईंनी आरोहीला मांडीवर घेतलं. दहा वर्षांची लांबच लांब पोर, मांडीत मावत नव्हती. "मोठी आई," ती म्हणाली, "हीनाच्या तोंडावर मी जोरात हात ठेवला. तिला दुखलं असेल. पण ती रडली असती तर सापडलो असतो ना सगळे."

वासंतीबाईंनी तिचे दोन्ही तळहात उघडले. एकावर लहान दातांचे ठसे होते. त्यांनी त्या ठशांना बुक्का लावला, कारण त्या घडीला त्यांना दुसरं औषध आठवेना.

तर मंडळी, येत्या दसऱ्याला तुम्हीही काहीबाही पुजाल, घराच्या राखणीसाठी म्हणून. पुजा. फक्त हळदकुंकवाचं बोट लावताना त्या पोरीची आठवण ठेवा. मारायला कोणीही आलं नव्हतं अशा एका घरात, आपल्याच माणसांपासून, तिनं एका परक्या लेकराला अंधारात उराशी धरून जपलं होतं. तिचं नाव आरोही.